शंभूचे दहा हात आणि यादृच्छिक क्रमाच्या सवयी

भास्कराचार्यांच्या लीलावतीत शेवटी अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात ते विचारतात: पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य ही दहा आयुधं शंभूच्या दहा हातांत अदलून-बदलून दिली, तर मूर्तीचे प्रकार किती होतील? आणि गदा, चक्र, कमळ, शंख हरीच्या चार हातांत दिले तर? उत्तरही तिथेच आहे. हरीच्या मूर्ती २४ आणि शंभूच्या ३६,२८,८००. हा ग्रंथ ११५० सालचा. चाळीसगावजवळच्या पाटण इथे एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, अशी १२०७ सालची नोंद त्यात आहे. म्हणजे शंभूच्या हातांचा हा हिशेब आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या विद्यार्थ्यांनी घोकला असणार, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

हिशेब सोपा आहे. पहिल्या हातात दहांपैकी कुठलंही आयुध देता येतं, दुसऱ्या हातासाठी नऊ उरतात, तिसऱ्यासाठी आठ. १० × ९ × ८ असं करत एकापर्यंत गुणत जायचं. अशा प्रत्येक मांडणीला गणितात क्रमचय म्हणतात. वस्तू वाढल्या की हा आकडा हाताबाहेर जातो: पत्त्यांच्या ५२ पानांचे क्रम मोजले तर ६८ अंकी संख्या येते.

भास्कराचार्यांनी ‘किती’ एवढंच विचारलं. पुढचा प्रश्न असा. एखाद्या कारागिराच्या हाताखालच्या पोराने डोळे बांधून ती दहा आयुधं मूर्तीच्या हातांत बसवली, तर काय होईल? बरोबर हातात बरोबर आयुध किती वेळा पडेल? एकही बरोबर न पडण्याची शक्यता किती? इथे मोजणीतून आपण संभाव्यतेत शिरतो.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण बहुतेक गैरसमज इथेच होतात. ‘यादृच्छिक’ हे विशेषण मांडणीचं नाही, मांडण्याच्या रीतीचं आहे. ३६,२८,८०० मांडण्यांपैकी प्रत्येकीला अगदी सारखी संधी मिळत असेल, तर ती रीत यादृच्छिक. मग डोळे बांधलेल्या पोराच्या हातून सगळी आयुधं अचूक बसली, तरी ती मांडणी इतर कुठल्याही मांडणीइतकीच यादृच्छिक ठरते. नुसत्या मांडणीकडे बघून काही सांगता येत नाही, ती कशी घडली ते पाहावं लागतं.

मग अशा क्रमाबद्दल काही ठाम बोलता येतं का? येतं, आणि आश्चर्य वाटावं इतकं नेमकं.

एकही न जुळण्याची गोष्ट

पिएर रेमाँ द मोंमॉर या फ्रेंच गणितज्ञाने १७०८ साली जुगाराच्या खेळांवर एक ग्रंथ छापला. त्यात ‘त्रेझ’, म्हणजे ‘तेरा’, नावाचा खेळ आहे. त्याचं साधं रूप असं: एकाच रंगाची तेरा पानं पिसायची. मग एक्का, दुर्री, तिर्री असं गुलाम, राणी, राजापर्यंत मोठ्याने म्हणत एकेक पान उलटायचं. तोंडातून निघालेलं नाव आणि हातातलं पान एकदा जरी जुळलं, तरी पानं उलटणारा जिंकला. पैज कुणावर लावावी?

सरासरी आधी काढू, ती सोपी आहे. शंभूच्या एका हातात योग्य आयुध पडण्याची संभाव्यता १/१०. हात दहा. दहा वेळा १/१० मिळवले की १. म्हणजे सरासरीने एक आयुध बरोबर बसतं. तेरा पानं असतील तर तेरा वेळा १/१३, पुन्हा १. दहा लाख वस्तू असल्या तरी १ च. एका हातात काय गेलं यावर दुसऱ्या हातात काय जाणार हे अवलंबून असतं, हे खरं. पण सरासऱ्यांची बेरीज करताना त्या अवलंबनाची पर्वा करावी लागत नाही. संभाव्यतेतला हा सगळ्यात कामाचा नियम म्हणायला हरकत नाही.

‘एकही जुळलं नाही’ हे काढायला थोडी जास्त खटपट लागते. सुरुवात १ पासून करायची. प्रत्येक हातासाठी ‘हा जुळला’ अशा मांडण्या वजा करायच्या, त्यांची बेरीज १. उरलं शून्य. पण ज्या मांडण्यांत दोन हात जुळले त्या दोनदा वजा झाल्या, म्हणून त्या परत मिळवायच्या. हातांच्या जोड्या ४५ आणि ठरावीक जोडी जुळण्याची संभाव्यता १/९०, म्हणजे १/२ परत आला. आता तीन जुळलेल्या मांडण्या जास्त मिळवल्या गेल्या, म्हणून १/६ वजा. मग १/२४ अधिक, १/१२० उणे. हा झोका लहान लहान होत ०.३६७९ च्या आसपास स्थिरावतो. हा e या प्रसिद्ध संख्येचा व्यस्त आहे.

प्रत्यक्ष मोजून पाहा. तीन वस्तूंच्या ६ मांडण्यांत एकही न जुळणाऱ्या २. चार वस्तूंच्या २४ मांडण्यांत ९. पाचांच्या १२० मध्ये ४४. शंभूच्या दहा आयुधांत १३,३४,९६१. भागाकार केला की ०.३३३, ०.३७५, ०.३६७, ०.३६८ असं येतं. तेरा पानांपर्यंत पोहोचलो की e च्या व्यस्ताशी असलेला फरक आठ हजार कोटींत एका भागापेक्षाही कमी होतो. म्हणजे पानं उलटणारा सुमारे ६३ टक्के वेळा जिंकतो. पानं तेरा असोत की तेरा हजार, त्याने काहीच फरक पडत नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा पटायला वेळ लागला. वस्तू वाढल्या की जुळणं अवघड व्हायला हवं, असं मन सांगतं. होतंही तसंच, प्रत्येक वस्तूला आपली जागा सापडणं अवघड होतं. पण तितक्याच प्रमाणात प्रयत्न करणाऱ्या वस्तूही वाढतात, आणि दोन्ही गोष्टी एकमेकींना तंतोतंत तोलून धरतात. पुढे जाऊन पाहिलं तर नेमकं एक जुळण्याची संभाव्यताही सुमारे ३६.८ टक्केच आहे, दोन जुळण्याची १८.४, तीनची ६.१, आणि चार किंवा जास्त जुळण्याची जेमतेम २ टक्के. या आकड्यांच्या ठेवणीला पॉइसाँ वितरण म्हणतात. खूप संधी आहेत पण प्रत्येक संधी दुर्मीळ आहे, अशा ठिकाणी ते भेटतं, उदाहरणार्थ छपाईतल्या चुका मोजताना किंवा किरणोत्सर्गी पदार्थातून बाहेर पडणारे कण मोजताना. क्रमचयातल्या वस्तू एकमेकींवर अवलंबून असूनही जवळजवळ स्वतंत्र असल्यासारख्या वागतात.

साखळ्या

आता त्याच मूर्तीकडे वेगळ्या नजरेने बघू. पाशाच्या हातात, म्हणजे जिथे पाश असायला हवा त्या हातात, काय आहे? समजा डमरू. मग डमरूच्या हातात काय? बाण. बाणाच्या हातात? पाश. फेरा पूर्ण झाला. प्रत्येक आयुध एकाच हातात असल्यामुळे कुठूनही निघालो तरी आपण निघालो तिथेच परत येतो. अशी प्रत्येक मांडणी अशा बंद साखळ्यांत फुटते. जुळलेलं आयुध म्हणजे एका कडीची साखळी.

या साखळ्यांवर उभी असलेली एक समस्या २००३ साली पीटर ब्रो मिल्टरसेन आणि आना गाल या संगणकशास्त्रज्ञांच्या कामातून पुढे आली. एका तुरुंगात १०० कैदी आहेत. एका खोलीत १०० खण आहेत आणि प्रत्येक खणात एका कैद्याच्या क्रमांकाची चिठ्ठी आहे, पण कुठली कुठे ते माहीत नाही. कैदी एकेक करून आत जातो, ५० खण उघडतो, सगळे पुन्हा होते तसे बंद करतो आणि बाहेर पडल्यावर कुणाशीही बोलत नाही. शंभरच्या शंभर जणांना आपापली चिठ्ठी सापडली तर सगळे सुटतात. एकाला जरी सापडली नाही, तरी सगळे मरतात.

मनाला येतील ते खण उघडले, तर प्रत्येकाची संभाव्यता निम्मी. शंभर जण सुटण्यासाठी निम्म्याचं निम्मं असं शंभरदा करायचं, म्हणजे ३१ अंकी संख्येत एकदा. कुणीही हात टेकावेत असाच हा आकडा. पण एक युक्ती आहे. कैद्याने आधी स्वतःच्या क्रमांकाचा खण उघडायचा. आत जो क्रमांक मिळेल त्या क्रमांकाचा खण पुढे उघडायचा, आणि असंच साखळी धरून जात राहायचं. एवढं केलं की सगळे सुटण्याची संभाव्यता ३१ टक्क्यांवर जाते.

हे कसं? पहिल्या खणात स्वतःची चिठ्ठी असण्याची संभाव्यता १/१००. ती नसून दुसऱ्यात असण्याची ९९/१०० × १/९९, म्हणजे पुन्हा १/१००. तिसऱ्यात असण्याचीही १/१००. म्हणजे कैद्याची साखळी एकापासून शंभरापर्यंत कितीही लांब असू शकते, आणि प्रत्येक लांबीला सारखीच संधी आहे. ५० पर्यंतची साखळी त्याला चालते, म्हणजे त्याची स्वतःची संभाव्यता अजूनही निम्मीच! युक्तीने एकाही कैद्याचं नशीब सुधारलेलं नाही. बदललं आहे ते एवढंच की आता त्यांची नशिबं एकमेकांना बांधलेली आहेत. एक लांब साखळी असेल तर तिच्यावरचे सगळे एकदमच हरतात, आणि ती नसेल तर सगळेच जिंकतात. पूर्वी विखुरलेलं अपयश आता एका ठिकाणी गोळा झालं.

३१ चा आकडाही इथूनच निघतो. समजा ७३ लांबीची साखळी आहे. शंभरांपैकी ७३ जण तिच्यात आहेत, म्हणजे ठरावीक कैदी तिच्यात असण्याची संभाव्यता ७३/१००. पण ठरावीक कैद्याची साखळी ७३ लांबीची असण्याची संभाव्यता १/१०० आहे, हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणजे तशी साखळी मुळात असण्याची संभाव्यता १/७३ हवी. पन्नासाहून लांब साखळ्या एका वेळी दोन मावत नाहीत, म्हणून १/५१ पासून १/१०० पर्यंत नुसती बेरीज करायची. ती ०.६८८ येते. ही हरण्याची संभाव्यता, आणि उरलेले ०.३१२ हे जिंकण्याचे. कैदी एक लाख असले आणि प्रत्येकाला निम्मे खण उघडू दिले, तरी हा आकडा ३०.६ टक्क्यांच्या खाली जात नाही.

याच वाटेने साखळ्यांची सरासरी संख्याही मिळते: १ + १/२ + १/३ असं शेवटच्या वस्तूपर्यंत. शंभूच्या आयुधांसाठी ती २.९३, शंभर खणांसाठी ५.१९. वस्तू दहापट झाल्या तरी साखळ्या दोन-सव्वादोनानेच वाढतात.

हीच बेरीज एका अगदी वेगळ्या दारातून परत येते. समजा एखाद्या गावातल्या सर्वाधिक तापमानाच्या वर्षवार नोंदी आहेत आणि वर्षांचा क्रम पूर्णपणे यादृच्छिक आहे. मग एखाद्या वर्षी आधीचे सगळे उच्चांक मोडले जाण्याची संभाव्यता किती? दहाव्या वर्षी १/१०, पन्नासाव्या वर्षी १/५०, कारण तोवरच्या सगळ्या वर्षांत सर्वाधिक ठरण्याचा मान प्रत्येक वर्षाला सारखाच मिळू शकतो. शंभर वर्षांत सरासरी ५.१९ विक्रम, आणि त्यातले २.९३ पहिल्या दहा वर्षांतच. पुढच्या नव्वद वर्षांत मिळून जेमतेम सव्वादोन. नोंदी जुन्या झाल्या तरी विक्रम मोडतच राहिले, तर वर्षांचा क्रम यादृच्छिक नाही, काहीतरी एका दिशेने सरकतं आहे, असं म्हणायला आधार मिळतो. यादृच्छिक क्रमाचं गणित संख्याशास्त्रात इतकं वापरलं जातं ते यासाठीच. क्रमाला अर्थ नसता तर काय दिसलं असतं हे ते आधी सांगतं, मग प्रत्यक्ष दिसलेलं त्याच्याशी ताडून पाहता येतं.

नीट न पिसलेल्या तारखा

असं ताडून पाहण्याची वेळ अमेरिकेवर आली. व्हिएतनाम युद्धासाठी तरुणांना कोणत्या क्रमाने बोलवायचं हे ठरवायला १ डिसेंबर १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये सोडत काढली गेली. वर्षाच्या ३६६ तारखा ३६६ निळ्या प्लॅस्टिकच्या कुप्यांत घातल्या होत्या. पहिली निघाली १४ सप्टेंबर, म्हणजे त्या दिवशी जन्मलेल्यांचा क्रमांक पहिला. प्रत्यक्षात १९५ व्या क्रमांकापर्यंतच्या मुलांना बोलावलं गेलं. एका कुपीवर आयुष्य टांगलेलं होतं.

सोडत न्याय्य असती तर प्रत्येक महिन्याच्या क्रमांकांची सरासरी १८३.५ च्या आसपास हवी होती. जानेवारीची २०१.२ आली आणि मार्चची २२५.८. पण नोव्हेंबरची १४८.७ आणि डिसेंबरची १२१.५. पहिल्या सहामाहीची सरासरी २०६, दुसरीची १६१. कुप्या महिन्यांच्या क्रमाने पेटीत भरल्या गेल्या होत्या, जानेवारी आधी आणि डिसेंबर शेवटी, आणि त्यानंतर त्या पुरेशा कालवल्या गेल्याच नाहीत.

हा निव्वळ योगायोग असू शकतो का? तपासण्याची रीत अशी: तारखांसमोरचे ३६६ क्रमांक पुन्हा पुन्हा यादृच्छिकपणे पिसायचे आणि दोन सहामाह्यांत इतकं अंतर किती वेळा पडतं ते मोजायचं. गणिताने पाहिलं तर लाखात चार-पाचदाच. १९७० च्या जुलैत पुढची सोडत झाली तेव्हा पद्धत बदलली. एका पिंपात तारखा, दुसऱ्यात क्रमांक, आणि दोन्हींतून एकेक काढून जोडी लावायची. पिंपं भरण्याचा क्रमसुद्धा यादृच्छिक संख्यांवरून आधी ठरवून घेतला होता.

म्हणजे यादृच्छिक क्रम तयार करणं हे कष्टाचं काम आहे. पत्त्यांचंच बघा. कॅटचे दोन भाग करून अंगठ्यांनी पानं फर्रकन एकमेकांत सोडत पिसायची पद्धत घ्या. पानांना वरून खाली १ ते ५२ क्रमांक द्या. एकदा पिसल्यावर पानांत चढत्या क्रमाच्या दोन लडी एकमेकींत गुंतलेल्या दिसतात, दोनदा पिसल्यावर फार तर चार, मग आठ, सोळा, बत्तीस. पण पूर्ण उलट्या क्रमात ५२ लडी असतात. म्हणजे पाच वेळा पिसूनही काही क्रम निव्वळ अशक्य आहेत. खऱ्या यादृच्छिक क्रमात सरासरी २६.५ लडी असतात, आणि चार वेळा पिसल्यावर सोळापलीकडे जाताच येत नाही.

डेव्ह बेयर आणि तरुणपणी जादूगार असलेले पर्सी डायकोनिस यांनी १९९२ साली याचा नेमका हिशेब दिला. पिसलेल्या कॅटवरून चतुर जुगाऱ्याला जास्तीत जास्त किती फायदा उठवता येईल ते शून्य ते एक असं मोजलं, तर पाच वेळा पिसल्यावर ०.९२, सहानंतर ०.६१, सातानंतर ०.३३, आठानंतर ०.१७. चारचौघांत ‘सात वेळा पिसा’ एवढंच पोहोचलं. प्रत्यक्षात सातावर काही थांबत नाही. तिथून पुढे दर वेळी फायदा साधारण निम्मा होत जातो. आपल्याकडे बरेच जण पानं हातात धरून थोडी थोडी वरून खाली टाकत पिसतात. त्या पद्धतीच्या गणिती नमुन्यात किती वेळा पिसायचं हा आकडा हजारांच्या घरात जातो.

आता म्हाडाच्या घरांची सोडत असो की शिक्षण हक्क कायद्याखालच्या २५ टक्के जागांचे प्रवेश, पिसण्याचं काम संगणक करतो. रीत सोपी आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी ती १९३८ साली दिली, आणि १९६४ साली रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी संगणकासाठी बेतली. शेवटच्या जागेसाठी सगळ्यांतून एक यदृच्छेने निवडा आणि अदलाबदल करा. मग त्याच्या आधीच्या जागेसाठी उरलेल्यांतून एक. भास्कराचार्यांचं १० × ९ × ८ जणू चालू झालं. नवखा प्रोग्रॅमर इथे एक चूक हमखास करतो. ‘उरलेल्यांतून’ ऐवजी दर वेळी सगळ्यांतूनच निवडतो. तीन वस्तूंवर ही चूक केली तर ३ × ३ × ३ = २७ वाटा होतात, आणि क्रम ६ च. २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणून काही क्रमांच्या वाट्याला ४ वाटा येतात आणि काहींच्या ५. कितीही वेळा चालवा, हा पक्षपात जात नाही.

आणि रीत अचूक असली तरी संगणकाला यदृच्छा येते कुठून? बऱ्याचदा एका आरंभसंख्येतून, म्हणजे जिच्यावरून पुढच्या सगळ्या निवडी हिशेबाने काढल्या जातात अशा संख्येतून. ती ३२ बिटांची, म्हणजे ० किंवा १ अशा ३२ अंकांची असेल तर तिच्या किमती सुमारे ४२९ कोटी, आणि एका आरंभसंख्येतून एकच क्रम निघतो. शंभूच्या ३६ लाख मूर्ती त्यात सहज मावतात. पण मोंमॉरच्या तेरा पानांचे क्रम ६२२ कोटी आहेत. त्यातले १९० कोटींहून अधिक क्रम असा संगणक कधीही, कितीही पिसलं तरी दाखवू शकत नाही.